उत्तर देईल तो माठ भरेल

ग्रंथालयात एक नवं पुस्तक आणायचं तर मागणीपत्र, मंजुरी, नोंद, शिक्का, सगळा सोपस्कार. किस्से मात्र कोणी मागवत नाही, तरी रोज येऊन पडतात आणि कपाटात जागाही मागत नाहीत! मेहकर तालुक्यातल्या आमच्या छोट्याशा कला महाविद्यालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. माझ्याकडे साठलेल्या किश्श्यांतले निम्मे एकाच विभागाचे आहेत. तत्त्वज्ञान! विभाग म्हणजे एक खोली, अकरा विद्यार्थी आणि एकटे वानखडे सर.

विद्यार्थी कमी, म्हणून विषय बंद करा, असा सूर दरवर्षी निघतो. बंद झाला तर सरांची बदली संस्थेच्या घाटाखालच्या कॉलेजात. मला त्याची धास्तीच होती, सरळ सांगते. सर गेले तर नेलेलं पुस्तक वाचून परत आणणारं इथं उरतं कोण?

*

प्रवेशाचे दिवस होते. जानेफळचे एक शेतकरी मुलीला, अश्विनीला, घेऊन आले. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, "हे शिकून काय होते?" भूगोलवाले म्हणाले, स्पर्धा परीक्षा. इंग्रजीवाले म्हणाले, कुठंही नोकरी. फिरत फिरत ते वानखडे सरांपाशी पोचले.

"हे शिकून काय होते, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खरं सांगू? मले अजून समजलं नाही. तीस वर्षं झाले, शिकूनच राह्यलो."

अश्विनीचे बाबा वळले. "पोरी, इथंच लाव नाव. सकायपासून हा पयला मानूस भेटला, जो फेकून नाही राह्यला!"

*

सरांचा लाडका कार्यक्रम म्हणजे गुरुवारचा शेवटचा तास. त्याला सगळे 'प्रश्नाचा तास' म्हणतात. कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. तो फळ्यावर लिहायचा आणि आठवडाभर डोक्यात घोळवायचा. तासात उत्तर द्यायला बंदी. घंटा होईपर्यंत जो उत्तर देईल, त्याने मागच्या हापशीवरून पाणी आणून व्हरांड्यातला माठ भरायचा.

या तासाला आमचे शिपाई सखारामभाऊ दाराशी स्टूल टाकून बसतात. घंटा त्यांच्याकडे. एकतीस वर्षांत एक मिनिट मागेपुढे नाही. एकदा प्राचार्य काळे मॅडमना बस गाठायची होती. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं आधी वाजवा. "टायमटेबलात नाही, मॅडम," म्हणून यांनी मॅडमनाच परत पाठवलं!

अशा माणसाने एका गुरुवारी हात वर केला. "सर, एक विचारू? घंटा मी वाजवतो, का टायमटेबल वाजवते?"

सरांनी सावकाश प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खाली 'पुसू नये' असंही लिहिलं. आठवडाभर इतिहासाच्या सरांनी मुघल साम्राज्य उरलेल्या अर्ध्या फळ्यावर बसवलं.

*

काळे मॅडम मनाने फार चांगल्या, पण गप्प बसणं त्यांना जमत नाही. एका गुरुवारी त्या तासाला बसल्या असताना एका मुलाने विचारलं, "शेगावले रांगेत दोन घंटे आपन पुढच्याची पाठच पाहतो. मंग दर्शन कोनाचं झालं?"

मॅडमच्या तोंडून निघून गेलं, "अरे, शेवटी होतं की महाराजांचं!"

झालं! पदर खोचून मॅडम कळशी घेऊन हापशीवर. तेवढ्यात बीबीहून आलेले एक पालक कळशीकडे बघत म्हणाले, "बाई, मोठ्या मॅडम कुठी बसतात?"

"त्या खोलीत बसतात," मॅडम म्हणाल्या, "पण आत्ता माठ भरून राह्यल्या."

*

सोयाबीनच्या सोंगणीत, कापणीच्या दिवसांत, वर्ग ओस पडतो. सरांनी हजेरीपट उचलला आणि थेट अश्विनीच्या शेतात गेले. ती सोंगत होती, सर बांधावर उभं राहून शिकवत होते. अर्धा तास तिच्या बाबांनी ऐकून घेतलं.

"सर, तोंड चालूच ठेवा. पन हात काऊन रिकामे ठेवता?" असं म्हणत त्यांनी सरांच्या हातात विळा दिला.

दिवस मावळला तेव्हा सरांची एक पात कशीबशी पुरी झाली होती. बाबांनी ती पाहिली, सरांकडे पाहिलं. "सर, तुमी शिकवाच!"

*

आणि यंदा ते पत्र आलंच. विषय ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती येणार. अश्विनी आता तिसऱ्या वर्षाला. तिने दहा दिवस मुलांकडून तयारी करून घेतली. कोणी काय बोलायचं, सगळं पाठ.

समिती आली ती नेमकी गुरुवारी, शेवटच्या तासाला. अध्यक्ष म्हणाले, "दहाच मिनिटं आहेत. पुढे शेगाव गाठायचंय." घंटेला अजून वीस मिनिटं होती.

"मुलांनो, या विषयाचा तुम्हाला काय उपयोग झाला?"

अश्विनी उठली. आता बोलेल, असं मला वाटलं. तिने शांतपणे प्रश्न फळ्यावर लिहिला आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या सदस्यांनी विचारलं, "विषय बंद केला तर काय फरक पडेल?" तोही फळ्यावर.

काळे मॅडमनी पदर तोंडावर घट्ट धरला होता. माठ भरायची माझी तयारी होती, पण सरांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. समितीला नियम सांगायचा तर तेही उत्तरच!

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "कोणी काही बोलणार आहे की नाही?" अश्विनीने तेही लिहिलं. अध्यक्ष फाइल बंद करून उठले.

आणि घंटा वाजली.

मग काय विचारता! अकराही जण एकदम बोलायला लागले. जानेफळचं शेत, बांध, विळा, फळ्यावरचे प्रश्न, सगळं बाहेर आलं. अध्यक्ष परत बसले. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला, तरी ते उठेनात. 'विषय चालू ठेवावा' असं पत्र दीड महिन्याने आलं. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं.

गाडी गेल्यावर सर व्हरांड्यात आले. सखारामभाऊ घंटेखाली उभे होते, हातोडी अजून हातातच.

"सखारामभाऊ, घंटा झाली तेव्हा अजून बारा मिनिटं बाकी होती."

"हाव, सर. मी वाजवली."

एवढं बोलून त्यांनी कळशी उचलली आणि हापशीकडे गेले.