परदेशी तळटिपेत माझं नाव

आता हसायचं नाही हं, आधीच सांगतो. चहा सांडेल.

मी डोंबिवलीच्या एका लॉ कॉलेजात शिकवतो. प्रमोशनची मुलाखत जवळ आलेली आणि आमच्या प्रिन्सिपल मॅडमचा एकच धोशा, "सर, तुमच्या लेखाचा दुसऱ्या कुणी कुठे आधार घेतलाय का?" भाडेकराराच्या कायद्यावरचा, जीव ओतून लिहिलेला लेख. कसला आधार? बायकोनेसुद्धा वाचला नव्हता हो!

आणि एका रविवारी, ठाण्याला बाळकुममधल्या आमच्या घरी पोहे खाताना मोबाइल वाजला. परदेशातल्या एका ऑनलाइन जर्नलने तळटिपेत माझा लेख घेतलेला! पूर्ण मजकूर काही उघडेना. पण नाव दिसलं ना? मग झालं की!

"अगं ए, मला परदेशात कोट केलं!"

बायकोने ते लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दुपारी कळव्याहून मेव्हण्याचा फोन. "भावोजी, तुमच्या लेखावरून तिकडच्या कोर्टात निकाल लागला म्हणे?"

सरळ 'नाही रे' म्हणायचं की नाही? मी म्हणालो, "अजून लागायचाय."

सोमवारी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मॅडमनी शाल-नारळ मागवला, वर तो मजकूरही कुणाकडून तरी मिळवला. शाल माझ्या अंगावर, चष्मा मॅडमच्या नाकावर, आणि वाचन सुरू. त्या परदेशी लेखाचा विषय होता, कायद्यावरच्या लेखांना पुढे कोण विचारतं.

"काही लेखांचा आजवर कुणीही, कुठेही आधार घेतलेला नाही. उदाहरणार्थ पाहा..." आणि पुढे मी! पान नंबरासकट!

सावंत सरांना पेढ्याचा ठसका लागला. माझं तर तोंडच उतरलं. पण वकिली डोकं, गप्प बसतंय होय?

"मॅडम, त्यांनी स्वतःच आधार घेतला ना आता! म्हणजे त्यांचं म्हणणं तिथेच खोटं पडलं!"

मॅडम हसून हसून लाल. "मग लिहा की खंडन!"

लिहिलं. छापून आलं. त्या लेखकालाही पाठवलं. मुलाखतीच्या दिवशी, बाहेर बाकावर बसलेलो असताना त्याची मेल आली. पहिलीच ओळ, 'तुमचं बरोबर आहे, चूक दुरुस्त केली आहे.' मी असा खूश झालो म्हणता! तसाच आत शिरलो आणि मोबाइल थेट समितीपुढे धरला.

समितीतल्या एका सरांनी खालची ओळही वाचली, तीही मोठ्याने. "तुमच्या जुन्या लेखाचं नाव काढलं आहे. कुणीही आधार न घेतलेल्या लेखाचं उदाहरण म्हणून आता तुमचं खंडन घातलं आहे."

प्रमोशनचं विचारू नका. शाल आहे. ठाण्यात थंडी पडली की वापरीन.