शेवटचं उकळतं पाणी

त्याला सगळे दगड्या म्हणत, आणि त्या नावाचा त्याच्या डोक्याशी काही संबंध नव्हता. जीन्सच्या कारखान्यात तो धुलाई खात्यात लागला, तेव्हा नव्याकोऱ्या पँटी जुन्या दिसाव्यात म्हणून त्या मोठाल्या ड्रममध्ये दगडांबरोबर घुसळत. दगड उचलून उचलून दगड्याची कंबर पार कामातून गेली. मग एक दिवस दगड गेले आणि त्यांच्या जागी बुरशीचा रस आला. तपकिरी, आंबूस वासाचा, पिंपात भरलेला. नाव मात्र दगड्याच राहिलं.

दगड्या त्या रसाच्या प्रेमातच पडला. भेटेल त्याला सांगायचा, "बुरशीला दात नसतात. म्हणून ती पाल्यावर, लाकडावर रस सोडते. झाडाच्या पेशींना भिंती असतात ना, त्या हा रस फोडतो, त्यांची साखर करतो, आणि बया ती साखर पिते. कापूस म्हणजे तरी दुसरं काय? नुसत्या भिंती!" ऐकणारा जांभई द्यायचा. दगड्याचं काही अडायचं नाही.

अडायचं ते एकाच माणसापाशी. त्याचे वडील गवंडी, जन्मभर भिंती बांधलेले. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की म्हातारा म्हणायचा, "कपडे धुतो," आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागायचा. वडिलांनी एकदा तरी आपल्या कामाला काम म्हणावं, एवढीच दगड्याची इच्छा. केस पिकायला लागले तरी ती काही पुरी होईना.

संधी आली ती त्याच्या बायकोमुळे. तिने सासऱ्यांना जाड सुती कापडाची नवी पँट आणली. म्हाताऱ्याने ती पायांत चढवली आणि म्हणाला, "सूनबाई, ही पँट आहे का पत्रा? भिंतीला टेकवली तर माझ्याशिवाय उभी राहील." दगड्याचे डोळे चमकले. सुपरवायझरला विचारून त्याने बाटलीभर रस घरी आणला, न्हाणीघरात बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात लिंबू पिळलं, कारण या रसाला आंबट पाणी मानवतं, आणि काठीने पँट ढवळायला बसला.

आता या कामाचा खरा नियम एकच. मनासारखं झालं की शेवटचं पाणी उकळतं घालायचं. त्याने रस मरतो. नाहीतर ओल्या कापडात तो खातच राहतो. खात्यात नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला दगड्यानेच हे कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. बायकोने गॅसवर पातेलं चढवलंही होतं.

तेवढ्यात वडील न्हाणीघराच्या दारात येऊन उभे राहिले. "काय रे, हे होतं तरी कसं?"

उभ्या जन्मात त्यांनी असं विचारलं नव्हतं. दगड्याला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने बुरशीपासून सुरुवात केली. भिंतींचं नाव निघाल्यावर म्हातारा चक्क स्टूल ओढून बसला आणि शंका काढायला लागला. बोलता बोलता दगड्याने पँट साध्या पाण्यातून काढली, पिळली आणि मागच्या दोरीवर टाकली. गॅसवरचं पाणी उकळतच राहिलं. शेवटी बायकोने त्याचा चहा केला.

ढगाळ हवेत पँट कितीतरी वेळ दमटच होती. वाळली तेव्हा लोण्यासारखी मऊ. म्हातारा खूश. "अरे, अंगावर काही आहे असं वाटतच नाही!" हीच खरी धोक्याची सूचना होती, पण त्या आनंदात ती ऐकतो कोण? मुलाला बरोबर घेऊन तो चौकातल्या बाकाकडे निघाला. तिथे त्याचे जुने गवंडी मित्र बसत.

"हात लावून बघा," त्याने फर्मावलं. "पोराने केलंय."

दगड्याची छाती फुगली. नेमका तेव्हाच म्हाताऱ्याचा चष्मा खाली पडला, तो उचलायला म्हातारा वाकला, आणि चर्रर्र.

मित्र पोट धरधरून हसले. दगड्याला गॅसवरचं पातेलं आठवलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, उकळतं पाणी घालायचं राहिलं."

म्हातारा पाठीमागे वर्तमानपत्र धरून घरी आला. आता संपलंच सगळं, असं वाटून दगड्याला नुसतं रडू यायचं बाकी होतं. घरी आल्यावर वडिलांनी दुसरी पँट घातली आणि फाटकी खिडकीशी उजेडात धरली.

"शिवण कशी शाबूत?"

"दोरा पॉलिएस्टरचा आहे, बाबा. तो झाडाचा नाही. बुरशीच्या रसाला तो पचत नाही."

म्हाताऱ्याने शिवणीवरून बोट फिरवलं. "म्हणजे विटा खाल्ल्या आणि सिमेंट ठेवलं," तो म्हणाला, आणि मग जो हसत सुटला तो ठसका लागेपर्यंत.

सोमवारी तो कारखान्याच्या फाटकावर हजर, काखेत भलंमोठं गाठोडं. बाकावरच्या मित्रांनी आपापल्या ताठ पँटी त्याच्या गळ्यात मारल्या होत्या. रखवालदाराने विचारलं, "कपडे धुणाऱ्यांकडे का, आजोबा?"

"धुणारा कोण?" म्हातारा खेकसला. "माझा मुलगा भिंती पाडायचं काम करतो. कसबी माणूस आहे. फक्त थांबायचं कधी ते विसरतो, म्हणून मी आलोय."

ड्रम नुकताच थांबला होता, त्यामुळे दगड्याला आत सगळं ऐकू गेलं. त्या दिवशी शेवटचं पाणी त्याने दोनदा उकळतं घातलं.