झाकण नानांनी नीटच लावलं होतं

पाचोडहून फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीत होते आणि एका पुरवठादाराला फोनवरच झापत होते. मध्येमध्ये दुसरा फोन वाजत राहिला म्हणून चिडून घेतला, तर पलीकडून आक्कांची शेजारीण रडत होती. "वहिनी, नाना चहा पिऊन खाटेवर पडले अन् उठंनातच..." नाना म्हणजे माझे सासरे, निवृत्त नायब तहसीलदार, वय ऐंशीच्या घरात. आक्का त्यांच्या थोरल्या बहीण, पाचोडला अंथरुणाला खिळलेल्या. दर आठवड्याला नाना स्वतः गाडी चालवत त्यांना भेटायला जायचे, तसे त्या दिवशीही गेले होते. मी पोचले तेव्हा गाडी आक्कांच्या दारात, लिंबाखाली सावली बघून नीट लावलेली होती. आता महिना उलटून गेलाय, तरी माझं बूड एका जागी टिकत नाही. भाजी चिरता चिरता उठते, गॅलरीत जाते, परत येते. कारण तेराव्याला माझा नवरा, संजय, पाहुण्यांची पाठ वळल्यावर हळूच बोलून गेला, "तेव्हाच चावी काढून घेतली असती, तर नाना इथं असते. दवाखाना हाकेच्या अंतरावर..." आणि चावी काढून घेऊ दिली नव्हती ती मी.

चावीचा वाद झाला ते दुष्काळाचं वर्ष होतं. बायपासच्या बाजूला आमच्यासारख्या कॉलन्या पटापट उगवत होत्या आणि प्रत्येकीचं बोअर आटत होतं. टँकरची वाट बघण्यात अर्धा जन्म जायचा. त्यातच नानांच्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. गॅरेजवाल्या अन्वरनं यंत्र लावून सांगितलं की टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा कुठून तरी निसटताहेत, बहुतेक झाकण नीट लागत नसेल. संजयला तेवढंच हवं होतं! त्याच्या आधी एकदा नानांच्या हातून गॅस चालू राहून दूध जळालं होतं. "झालं, आता झाकण लावायचंही विसरायला लागले. उद्या ब्रेक विसरतील. चावी माझ्याकडे द्या." नाना नुसते खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी कट्कट् वाजंस्तोवर फिरवतो, माधुरी. दर खेपेला. गाडी गेली तर आक्काकडं कसा जाऊ? एसटीची पायरी मला चढवत नाय."

माझी नोकरी क्वालिटीची, मालात दोष कशामुळे आला ते शोधायची. कुणी कारण म्हणून 'कामगाराची चूक' असं लिहून पाठवलं की माझं डोकं फिरतं. आधी तपासा, मग माणसावर ढकला! मी संजयला म्हटलं, खरी गळती सापडेपर्यंत चावीला हात लावायचा नाही. नवं झाकण आणलं, अन्वरकडून दिवा घालवला. थोड्या दिवसांत दिवा परत हजर. नाना तर पोरासारखे खूश. "बघ! झाकण नवं, दिवा तोच!" पण संजय म्हणतो कसा, "नवंही नीट लावलं नसेल." इतका संताप आला मला, काय सांगू. त्यानंतर पंपावर मी सोबत जायला लागले आणि झाकण माझ्या हातानं लावायला लागले. तरी दिवा पेटला तो पेटलाच.

मग मला आणि नानांना दुसरं काही सुचेना. मी मीटिंगमध्ये असले तरी नानांचा फोन. "उंदरानं नळी कुरतडली असंल का गं?" थोड्या वेळानं परत फोन. "वास लई येतो, पण मागल्या चाकापाशी. पुढं नाय." रविवारी सकाळी सासरे-सून गाडीजवळ चटई टाकून आडवे, आणि वरच्या गॅलऱ्यांतून अख्खी कॉलनी बघतेय. नानांना कुणीतरी सांगितलं होतं की नळीला साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. पाणी कुठून आणायचं? तर या गृहस्थानं भांडी घासलेलं पाणी बादलीत राखून ठेवलेलं, आणि दाढीचा ब्रश. आत दाब नसेल तर बुडबुडे यायचे कुठून, हे मला कळत होतं. पण त्यांचे हात रिकामे राहिले असते तर माणूस वेडा झाला असता, म्हणून मीही ब्रश फिरवत राहिले. नळ्या तेवढ्या लखलखीत झाल्या.

शेवटी अन्वरनं कुणाकडून तरी धुराचं यंत्र आणवलं. वाफांच्या नळीतून आत पांढरा धूर सोडायचा, तो जिथून बाहेर पडेल तिथं गळती, इतकं सरळ काम. नाना टाकीच्या झाकणापाशी नाक लावून उभे. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, सारखी गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते. झाकणातून धूर निघाला असता तर सगळं संपलं असतं. निघाला नाही... आणि मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूनं, एक बारीक पांढरी रेघ हलत खाली उतरली. नानांनी चक्क टाळी वाजवली. "झाकणातून नाय! अन्वर, फोटो काढ, संजयला धाड!"

अन्वरनं तिथला व्हॉल्व्ह काढून आपटला, तर काळी कणी सांडली. पेट्रोलच्या वाफा धरून ठेवायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो. त्यात पेट्रोल शिरलं की कोळसा भिजतो, फुटतो, आणि त्याची कणी अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहतो. "नाना, पंपावर नोझल आपोआप बंद पडल्यावर अजून भरायला लावता का?" अन्वरनं विचारलं. झाकणावर नजर ठेवायच्या नादात मी ते दर खेपेला नुसतं बघत होते. नाना टाकी काठोकाठ भरायचे. गाडी हलवायचे, "अजून बसंल, टाक" म्हणायचे. नायब तहसीलदार असताना गावोगाव टँकर पाठवणं त्यांच्याकडे होतं, आणि अर्धा टँकर उतरलेल्या गावात बायांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या होत्या. तेव्हापासून अर्धवट भरलेलं भांडं दिसलं की हा माणूस बेचैन व्हायचा. आमच्या घरी टँकर आला की कुकरसुद्धा भरून ठेवायचे.

परतताना म्हणाले, "म्हंजी चूक माझीच निघाली की."

"चूक तुमचीच, नाना. पण विसरल्याची नाही."

संजयला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे शेवटी त्यांच्यामुळेच ना, मग चावी द्या. मी म्हटलं, "हाताला सवय आहे, डोकं शाबूत आहे. चावी हवी तर आधी माझ्याशी भांड." नाना आतून ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "चहा टाकू का गं?" त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला चहा करून दिला, बिनसाखरेचा, कारण साखर कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं. पुढं पंपावर नोझल बंद पडलं की "बास" म्हणायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. बघवायचं नाही त्यांना. पण दर आठवड्याला पाचोडला जात राहिले, अगदी शेवटच्या चहापर्यंत.

मी बरोबर केलं की चूक? संजयवर ओरडावंसं वाटतं, आणि लगेच वाटतं, दवाखाना खरंच जवळ होता... नानांशिवाय घर मला सहन होत नाही, हे मात्र खरं.

गेल्या आठवड्यात, नाना पाचोडला जायचे त्या वारी, संजयनं सुट्टी काढली. मला काहीच बोलला नव्हता. गाडीची चावी घेतली, चपला घातल्या आणि दारातच अडला. "नाना आत्याला काय घेऊन जायचे गं?" मला सांगता येईना. केळी? औषध? आम्ही दोघांनीही कधी विचारलंच नव्हतं. त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. आक्कांना ऐकायला कमी येतं, दोनदा विचारावं लागलं.

"काय बी नाय रे बाबा," आक्का म्हणाल्या. "निस्ता यायचा."