मामांचं लंडनचं सोयरं

इंग्लंडच्या राजघराण्याची काळजी त्या घराण्याहून जास्त कुणी वाहिली असेल, तर ती कोल्हापुरातल्या माझ्या मामासासऱ्यांनी. धंदा गुळाच्या अडतीचा. पण सौदे आटोपले, की गादीवर मांडी ठोकून, शेजारी डिक्शनरी घेऊन ते राजाराण्यांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचत. रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर. एकदा पडद्यावर सहा लग्नांचा तो राजा नव्या राणीचा हात मागत होता. मामा ताडकन उभे राहिले. "राणीसाहेब, त्येचं काय ऐकू नगा!"

"पावणं, खाली बसा की! तिला मराठी येतंय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मराठी न्हाय, पर बाईमाणूस हाय न्हवं?"

एकदा कादंबरीतल्या राणीचं मुंडकं उडालं, तेव्हा मामा ताटावरून उठले. मामी घाबरल्या. "कोण गेलं वो?"

"राणी."

"कवा?"

"चारशे वर्सं झाली."

"मग जेवून घ्या. सुतक फिटलं असंल."

हे किस्से पाहुण्यारावळ्यांत रंगवून सांगण्यात मी पुढे असे. मामांच्या लेकीला, सुमनला, पन्हाळ्याकडचं बिजवराचं स्थळ आणलं तेही मीच. बागायती ऊस, माडीचं घर. दोन बायका वारल्या होत्या, एवढंच. सुपारी फुटायच्या बेतात असताना मामांनी विचारलं, "दोघी कशानं गेल्या?"

"नशीब त्यांचं," मुलाचे चुलते म्हणाले.

"एकीचं नशीब समजतंय. दोघींचं न्हाय समजत."

बैठक तशीच उठली. "पुस्तकं वाचून बिघडलाय म्हातारा," असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मामा एसटीनं शाहूवाडीकडे, पहिल्या बायकोच्या माहेरी गेले. संध्याकाळी परतले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. तिथं काय ऐकलं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. "न्हाय जमत म्हणून कळवा," एवढंच मला म्हणाले.

सुमन चहा घेऊन आली. मामांनी विचारलं, "रागावलीस व्हय बाळ?"

"न्हाय आबा. मला त्यो पसंतच नव्हता."

"मग बोलली का न्हाईस?"

"इचारलं कुणी?"

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाचच पुसत राहिले. "माझं चुकलं," ते हळूच म्हणाले.

पुढे सुमन शिकली, शाळेत बाई झाली, स्वतः पाहून लग्न केलं. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. स्थळ मी आणलं होतं. पण त्या संध्याकाळी मला तेवढे दोन शब्दही म्हणता आले नाहीत.