नीलमावर आलेला आळ

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी आपल्या बोटातली नीलमाची अंगठी काढून तिला घातली. सैल होत होती, म्हणून आतल्या बाजूला दोरा गुंडाळून दिला. "जपून वापर," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून दुकानात गेल्या. घराखालीच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर मशीनवर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, सैल झालेल्या दांड्या आवळून द्यायच्या. हात सतत चालू, तोंड बहुतेक बंद.

नव्याची नवलाई ओसरायच्या आतच नवरा शिडीवरून पडला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता तो. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तो घरी आला त्याच आठवड्यात दुकानातली फ्रेम मांडायची काचेची फळी भरदुपारी निसटून खाली आली आणि निम्मा माल चिरडला. त्यात स्वयंपाकघरातला नळ तुटून घरभर पाणी झालं.

भाच्याला बघायला आत्या आल्या. जीव लावणारी बाई, पण जिभेला लगाम नाही. सोबत आणखी दोन नातेवाईक होते. पलंगाभोवती खुर्च्या टाकून सगळे बसले, आणि ती पाण्याचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली तेव्हा आत्या म्हणत होत्या, "मी कुणाला नावं ठेवत नाही. पण इतकी वर्षं या घरात साधा कप फुटला नव्हता. एकेकाचा पायगुण असतो, त्याला कोण काय करणार?"

"आत्या, काहीतरीच काय बोलतेस," नवरा म्हणाला, पण गोळ्यांच्या गुंगीत त्याचं बोलणं कुणापर्यंत पोचलंच नाही. ती ट्रे घेऊन दारातच थांबली.

मागून सासूबाई आल्या. एप्रनवर काचेची पांढरी भुकटी तशीच होती. त्यांनी ट्रे घेऊन टेबलावर ठेवला, तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर बोटातली अंगठी ओढून काढली.

"वन्सं, पायगुण कुणाचा असेल तर तो या खड्याचा," त्या म्हणाल्या. "नीलम सगळ्यांना लाभत नाही. तुमचे दादा गेले तेव्हा हाच माझ्या बोटात होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. उलट मी तो या पोरीच्या गळ्यात मारला. चूक माझी."

आत्यांनी सुस्कारा सोडला. "तरीच," त्या म्हणाल्या. "अगं वहिनी, मग आधी नाही का सांगायचंस? बिचारी पोर." आणि तिला जवळ ओढून बसवलं.

पाहुणे गेल्यावर ती दुकानात उतरली. सासूबाई एका भिंगाची कड घासत होत्या. अंगठी त्यांच्याच बोटात होती.

"आई, खरंच त्या खड्यामुळे बाबा गेले?"

"तुझे सासरे गेले सिगारेटींनी. डॉक्टरांनी हात जोडले होते, ऐकलं नाही." त्यांनी भिंग उजेडासमोर धरलं. "त्यांनीच आणली होती ही अंगठी. मी सुखानं वापरली."

"मग असं का म्हणालात?"

"वन्संना कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. समजावलं असतं तर मान डोलावली असती आणि उद्या दुसरीकडे तेच बोलल्या असत्या. दगडाला काय, कितीही बोला. तुला मात्र जन्मभर याच माणसांत वावरायचंय."

तिला रडू कोसळलं. स्वतःच्या नवऱ्याची आठवण या बाईनं चारचौघांत अपशकुनी ठरवली होती, तीही कालपरवा घरात आलेल्या मुलीसाठी. सासूबाईंनी नुसता चष्मा पुसायचा फडका पुढे केला. "डोळे पूस. आणि आलीच आहेस तर ती फ्रेम धर, एका हातानं जमत नाहीये."

आत्या मग महिनाभर राहिल्या. भाच्याला धरून चालवायचं, औषधं द्यायची, सगळं त्यांनी अंगावर घेतलं, आणि सूनबाईला दुपारी दुकानात पाठवू लागल्या. तिथेच ती काम शिकली. वहिनीच्या बोटात नीलम पाहून आत्या हादरल्या होत्या, पण "माझं जे वाकडं व्हायचं ते होऊन गेलंय, आता तो माझं काय करणार?" असं वहिनीनं म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडला. पुढे त्या सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमच्या वहिनीनं नीलमालासुद्धा वठणीवर आणलं."

नवरा हिंडूफिरू लागला. आता जिने चढताना किंचित लंगडतो, एवढंच. दुकान तीच बघते. सासूबाई काउंटरमागे खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकांच्या नाकांवर शेरे मारतात.

आभार मानायचं तिच्या मनात कित्येक वर्षं होतं. परवा दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा तिनं धीर केला. "आई, त्या दिवशी तुम्ही आत्यांना तसं सांगितलं नसतं, तर मी या घरात टिकले नसते."

"टिकली असतीस," सासूबाई म्हणाल्या. "पण हसली नसतीस." मग खुर्ची सरकवून तिला शेजारी जागा केली, आणि दोघी रस्त्याकडे बघत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसल्या.