गारांची राखण

इलारिया भित्री होती, आणि उगाच नव्हती. नवरा अंगावर वीज पडून गेला. त्याच्यामागे गावानं शेतांच्या राखणीचं काम तिच्या गळ्यात घातलं. पाखरं, चोर, हीव, गारा, सगळं राखणदारानंच अडवायचं. पाखरांना निदान गोफण कळते, गारांना कोण सांगणार? आणि पीक झोडपलं गेलं की गाव आभाळाला जाब विचारत नाही. आधीचा राखणदार सेवेरो सगळ्यांदेखत चाबूक खाऊन डोंगर उतरला, तो परत आला नाही.

तिची सगळी भिस्त होती पिवळ्या पाखरांवर. मूठभर जीव, दिवसभर इचू गवतात नि किनोआच्या उभ्या पिकात दाणे टिपत किलबिलायचे. गारा यायच्या असल्या की घास टाकून बांधाच्या दगडांतल्या भोकांत गडप! मग इलारिया लामा जनावरांच्या वाळल्या लेंड्यांची धुनी पेटवी. धुरानं ढग हटतो की नाही, हा वाद शहाण्यांनी घालावा. गाव हटतो म्हणत होतं.

एके सकाळी गावचा म्होरक्या फोर्तुनातो तपासणीला आला. नात्यानं चुलतदीर.

"वहिनी, राखण करताय की पंगत वाढताय?"

"भाऊजी, एवढीशी पाखरं, खाऊन खाऊन खाणार किती?"

"म्हणजे आमंत्रण तुमचंच! पुढच्या खेपेला एक जरी दिसलं, तर सेवेरोचा चाबूक अजून खुंटीलाच आहे."

पाखरांचं गुपित सांगावं तर गाव हसणार. ती घाबरली आणि घाबरलेली माणसं करतात तेच तिनं केलं. दोन दिवस गोफण फिरवली. तिसऱ्या दिवशी शेत मुकं झालं.

त्याच दुपारी खिंडीवर ढग चढला. गारांचा, की नुसता पाण्याचा? बांधातली भोकं रिकामी. सांगणार कोण? कोरड्या लेंड्या एकाच धुनीपुरत्या, बाकी भिजलेल्या. आत्ता जाळल्या आणि गारा उद्या आल्या तर? तिनं काडी काढली, पुन्हा पेटीत ठेवली.

तेवढ्यात कानाशी फर्र झालं. तिच्याच झोपडीच्या भिंतीत एक पिवळं पाखरू घुसलं. चोचीतला दाणा उंबऱ्यावर पडला.

इलारियानं काडी ओढली.

बोराएवढ्या गारा खिंडीतच, दगडांवर फुटल्या.

"बघा वहिनी!" संध्याकाळी फोर्तुनातो खुशीत होता. "पाखरं हाकलली, गाराही पळाल्या!"

"हो तर, भाऊजी."

तो वळताच तिनं गोफण चुलीत घातली आणि भिंतीतल्या भोकाखाली मूठभर किनोआ टाकला. मग धुनीकडे बघितलं. नुसती राख. भिंतीत पाखरू एकच, आणि कापणीला अजून नऊ दिवस होते.