बापूंचा लाल बावटा

लग्न होऊन पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी घागर घेऊन नळावर निघाले, तर शेजारच्या बापूंनी आडवा लाल बावटा धरला. "थांब सूनबाई. लाईन क्लिअर न्हाई!" मी घाबरून रुळाकडे पाहिलं. रूळ चांगले दोन फर्लांग लांब. बापू दाखवत होते त्यांच्या परसातली, नळाशेजारची लिंबोणी. तिच्यात बुलबुलाची मादी अंड्यांवर बसली होती.

बापू फाटकावर गेटमन. नोकरीतला बावटा त्यांनी कधी घरी आणला नाही, "सरकारी माल हाय" म्हणायचे. हा बावटा त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, जुन्या पोलक्याचा. मादी चरायला उडाली की ते तो गुंडाळायचे आणि मग आम्ही बायकांनी नळावर धावायचं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा, पाणी जेमतेम तासभर, त्यात ही अडवणूक. मला भारी राग यायचा. "बापू, पाखरापायी माणसं तहानेनं मारता की काय?"

"तिच्या शेपटीखाली बग. गार्डाच्या डब्यावानी लाल दिवा हाय. रेल्वेचंच मानूस हाय ती." एवढं बोलून माझी घागर उचलायचे आणि स्टेशनच्या नळावरून स्वतः भरून आणायचे. अशा माणसावर किती दिवस रागावणार? सातभाई पक्ष्यांचा थवा कलकलायला लागला की म्हणायचे, "भरली युनियनची मीटिंग!" हळूहळू मीही चहाचा कप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसू लागले.

पुढच्या वर्षी मादीने पुन्हा तिथेच घरटं केलं. तीन पिल्लं निघाली, आणि त्याच आठवड्यात बापू रिटायर झाले. क्वार्टर सोडणं भाग होतं. नवे गेटमन जागा बघायला आले आणि म्हणाले, "ही काटेरी लिंबोनी काडून टाकतो. इथं शेळी बांदायची हाय."

"आठ दिस थांबा, पिल्लं उडू द्या," बापू म्हणाले. कुणापुढे कधी हात न पसरलेला माणूस, पण त्या दिवशी त्याने हात जोडले. नवे गेटमन हसून निघून गेले.

बापूंचं सामान पेडगावला, त्यांच्या गावाकडे निघालं, तेव्हा बापूंनी लाल बावटा माझ्या हातात दिला. "आता मी ड्युटीवर न्हाई, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी नवे गेटमन कुऱ्हाड घेऊन परसात आले. बापू सोडले तर परक्या पुरुषाशी मी तोवर चार शब्द बोलले नव्हते. पदर खोचला आणि बावटा आडवा धरला. गेटमन होते तिथेच थबकले. वीस वर्षांची सवय, लाल दिसल्यावर पाय उचलेना. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"गाडी कवा सुटंल?"

"आठ दिवसांनी."

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली, ती लिंबोणीसाठी पुन्हा उचललीच नाही; शेळी दुसऱ्या कोपऱ्यात बांधली.

नवव्या दिवशी मी बापूंना कार्ड टाकलं. मजकूर दोनच शब्दांचा: लाईन क्लिअर. कार्ड मिळाल्याबरोबर बापू पॅसेंजरने आले. रिकाम्या घरट्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तिन्ही बी गेली?"

"तिन्ही गेली, बापू."

त्यांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले. मी बावटा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. पुढल्या साली ती यील. माजा काय भरवसा?"

त्या थंडीत बापू गेले. मला फार रडू आलं.

उन्हाळ्यात मादी आली. मी लिंबोणीला बावटा बांधला. नवे गेटमन हंडा घेऊन नळाकडे येत होते. त्यांनी बावटा पाहिला, माझीही घागर उचलली आणि स्टेशनच्या नळाकडे वळले.